‘सॉरी’ लिहिलेले काळे कपडे

दोस्तांनो, ‘सॉरी’ हा शब्द तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता? वर्गात कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. गृहपाठाची वही घरी राहिली, सॉरी बाई. दादाचं पेन हरवलं, सॉरी रे. (इथं आई हळूच म्हणणार, “तोंडदेखलं नको, मनापासून म्हण!”) इतका सोपा शब्द! पण हाच शब्द एका देशाचे पंतप्रधान काही केल्या उच्चारेनात. मग पाच गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांनी काय करावं? त्यांनी तो आपल्या कपड्यांवर लिहिला आणि ते साऱ्या जगापुढे जाऊन उभे राहिले.

तारीख होती १ ऑक्टोबर २०००. गाव सिडनी, देश ऑस्ट्रेलिया. याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या कर्णम मल्लेश्वरीने वेटलिफ्टिंगचं कांस्यपदक मिळवलं होतं. त्या रात्री समारोपाचा सोहळा होता. स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं, आणि घरोघरी टीव्हीपुढे बसलेल्यांची तर गणतीच नाही. पाहुण्यांमध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्डही होते. रंगमंचावर ‘मिडनाइट ऑइल’ नावाचा रॉक बँड आला. पाचही जणांच्या अंगावर काळे कपडे, आणि त्यांवर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, पुन्हा पुन्हा: सॉरी, सॉरी, सॉरी!

ही माफी कुणाची? कशाबद्दल? आणि ती मागायला रॉक बँडच का पुढे आला? हे समजून घ्यायचं तर आपल्याला थोडं मागे जायला हवं.

रात्रीचं तेल

१९७२ साली सिडनीत रॉब हर्स्ट, जिम मोगिनी आणि अँड्र्यू जेम्स या तीन पोरांनी मिळून एक बँड काढला. रॉब ड्रम बडवायचा, जिम गिटार आणि कीबोर्ड वाजवायचा, अँड्र्यूच्या हाती बास गिटार. बँडचं नाव ‘फार्म’, म्हणजे शेत. वाजवायला तिघंही तयार, पण गाणार कोण? त्यांनी जाहिरात दिली. ती वाचून एक उंच, सडपातळ मुलगा आला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. नाव पीटर गॅरेट.

हा गॅरेट म्हणजे अजब वल्ली! उंची सहा फुटांहून चांगलीच जास्त, पुढे डोक्याचा पार चकोट केलेला, आणि नाचायला लागला की हातपाय असे झटकणार, की बिघडलेला यंत्रमानवच वाटावा. आवाज मात्र खणखणीत.

१९७६ मध्ये बँडला नवं नाव हवं होतं. मग सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहून एका हॅटमध्ये टाकल्या आणि त्यातली एक उचलली. चिठ्ठी निघाली ‘मिडनाइट ऑइल’! म्हणजे मध्यरात्रीचं तेल. विजेचे दिवे नव्हते तेव्हा रात्री जागून अभ्यास करायचा तर दिव्यात तेल जाळावं लागे. त्यावरून इंग्रजीत ‘मध्यरात्रीचं तेल जाळणं’ म्हणजे रात्रीचा दिवस करून मेहनत करणं. तुमच्या घरात दहावीचं वर्ष असेल तर याचा अर्थ वेगळा सांगायला नको!

आणि खरंच, या मंडळींनी तेल भरपूर जाळलं. १९७७ मध्ये मार्टिन रॉत्सी हा गिटारवादक येऊन मिळाला. सिडनीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पबांमध्ये रात्रीमागून रात्री त्यांचे कार्यक्रम चालायचे. छोटीशी जागा, दाटीवाटीने उभे असलेले लोक, घामाच्या धारा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. १९७८ मध्ये पहिला अल्बम निघाला. त्या काळी ऑस्ट्रेलियात ‘काउंटडाउन’ नावाचा टीव्ही कार्यक्रम फार गाजत होता. त्यात गाणं दिसलं की बँडचं नशीब उघडलं, असंच लोक मानत. पण मिडनाइट ऑइल त्यात वाजवायला कधी गेलेच नाहीत. आपण आपल्या अटींवर वाजवू, असा त्यांचा बाणा होता.

१९८२ च्या त्यांच्या अल्बमचं नाव मोठं मजेदार आहे: दहा, नऊ, आठ, सात... असं थेट एकपर्यंत! रॉकेट उडवताना मोजतात ना, तसं. पण त्यामागे गंमत कमी आणि काळजी जास्त होती. तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते. १९८४ च्या पुढच्या अल्बमच्या वेष्टनावर तर अणुबॉम्ब पडून भाजून निघालेल्या सिडनी शहराचं चित्र होतं. एका जपानी कलावंताने केलेलं. हिरोशिमा-नागासाकीच्या देशातला कलावंत, लक्षात घ्या. त्याच वर्षी गॅरेट अण्वस्त्रविरोधी पक्षाकडून निवडणुकीलाही उभा राहिला आणि अगदी थोडक्यात हरला.

म्हणजे प्रेमगीतं गाऊन पैसा मिळवावा आणि स्वस्थ बसावं, असला हा बँड नव्हताच. पण त्यांचा खरा अभ्यास अजून व्हायचा होता. त्याची शाळा होती वाळवंटात.

लाल मातीची शाळा

ऑस्ट्रेलियात माणसं पन्नास हजार वर्षांहून जास्त काळ राहत आली आहेत. या आदिवासींच्या शेकडो भाषा होत्या, शेकडो जमाती होत्या. २६ जानेवारी १७८८ या दिवशी इंग्रजांची जहाजं सिडनीच्या किनाऱ्याला लागली. २६ जानेवारी! आपण त्या दिवशी झेंडावंदनाला जातो, आणि ऑस्ट्रेलियातही तो राष्ट्रीय दिवस आहे. पण तिथल्या अनेक आदिवासींना तो दुःखाचा दिवस वाटतो. कारण इंग्रजांनी ठरवून टाकलं, की ही जमीन कुणाचीच नाही. म्हणजे आपल्या घरात पाहुण्याने शिरावं आणि म्हणावं, ‘अरे वा, घर रिकामंच आहे की!’

मध्य ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा एक अवाढव्य लाल खडक आहे. सपाट जमिनीतून तो ३४८ मीटर वर उठलेला दिसतो. तिथल्या अनंगू लोकांचं हे पवित्र ठिकाण. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने त्याची मालकी अनंगू लोकांना परत दिली. या घटनेवरच्या एका चित्रपटासाठी मिडनाइट ऑइलने गाणं तयार केलं. आणि मग त्यांना वाटलं, ज्यांच्याविषयी आपण गातो त्यांच्या गावात आपण कधी राहिलो आहोत का?

म्हणून १९८६ मध्ये ते निघाले. बरोबर होता ‘वारुम्पी बँड’. हा बँड वाळवंटातल्या पापुन्या या वस्तीतला. त्यात आदिवासी वादक होते, आणि १९८३ मध्ये त्यांनी आपल्या भाषेत रॉक गाणं काढून सगळ्यांना चकित केलं होतं. दौऱ्याचं नाव ‘ब्लॅकफेला-व्हाइटफेला’, म्हणजे काळा गडी-गोरा गडी! दोन्ही बँड धुळीच्या रस्त्यांनी वस्ती-वस्तीवर गेले. रात्री वळकट्या पसरून आभाळाखाली झोपायचं, सकाळी पुढची वाट धरायची.

पण तिथे एक गंमत झाली. पबमधल्या गर्दीसाठी बांधलेली ती वेगवान, कर्कश गाणी वाळवंटात काही केल्या जमेनात. तिथे चार भिंती नाहीत, छप्पर नाही. डोळे पोचतील तिथवर नुसतं मोकळं रान. वारुम्पी बँडची संथ, ऐसपैस गाणी मात्र लोकांना लगेच आपली वाटायची. शहरात ज्यांच्या तिकिटासाठी रांगा लागायच्या, त्यांना इथे विद्यार्थी व्हावं लागलं! त्यांनी आपला वेग कमी केला. गाण्यात मोकळी जागा ठेवायला ते शिकले. आणि मुख्य म्हणजे, गाण्याआधी त्यांनी ऐकलं.

काय ऐकलं? पिंटुपी लोकांची हकिकत ऐका. हे पश्चिमेच्या वाळवंटातले लोक. पाणी कुठे सापडेल, कुठलं कंदमूळ कधी खणायचं, सारं त्यांना तोंडपाठ. १९५० ते १९७० च्या दरम्यान सरकारने त्यांना तिथून हलवलं. या भागावरून रॉकेटच्या चाचण्या व्हायच्या होत्या, हेही त्याचं एक कारण होतं. त्यांना दूर पूर्वेला, पापुन्यासारख्या वस्त्यांमध्ये आणून ठेवलं. गर्दी, अनोळखी माणसं, अनोळखी अन्न. कितीतरी जण आजारी पडले, दगावले. उरलेल्यांच्या मनातून आपला मुलूख काही जाईना. शेवटी १९८१ मध्ये अनेक कुटुंबं परत फिरली आणि किंटोर नावाची नवी वस्ती त्यांनी आपल्या भूमीत उभी केली. आणि १९८४ मध्ये नऊ पिंटुपी माणसांचं एक कुटुंब वाळवंटातून बाहेर आलं. बाहेरच्या जगाशी तोवर त्यांचा संबंधच आलेला नव्हता. विचार करा, भारताने विश्वचषक जिंकला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट!

या दौऱ्यातून परतल्यावर १९८७ मध्ये ‘डिझेल अँड डस्ट’ हा अल्बम आला. डिझेल आणि धूळ, नावातच सगळा प्रवास आहे. त्यातलं ‘बेड्स आर बर्निंग’ हे गाणं पिंटुपींच्या कहाणीवर बेतलेलं होतं. ज्यांची जमीन त्यांना ती मिळायला हवी, हेच त्यातलं म्हणणं. कॅनडात, न्यूझीलंडमध्ये, दक्षिण आफ्रिकेत हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत सतराव्या क्रमांकापर्यंत पोचलं. आता नवल पाहा. ज्या दक्षिण आफ्रिकेत तेव्हा काळ्या लोकांना मतदानाचाही हक्क नव्हता, तिथेही हे गाणं पहिलं!

ट्रकवरची मैफल

आता बँड जगप्रसिद्ध झाला. पैसा आला. पण त्यांची खोड काही गेली नाही.

१९९० च्या ‘ब्लू स्काय मायनिंग’ या अल्बमचं मुख्य गाणं होतं खाणकामगारांवर. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला विटनूम नावाचं गाव होतं. तिथे १९६६ पर्यंत निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण चालायची. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की तिथेच रुतून बसतात, आणि कित्येक वर्षांनी माणूस आजारी पडतो. विटनूमचे शेकडो कामगार आणि त्यांचे घरचे असेच गेले. धुळीत खेळलेली लहान मुलंसुद्धा. पुढे सरकारने नकाशावरून ते गावच पुसून टाकलं.

त्याआधी, मार्च १९८९ मध्ये, अलास्काच्या किनाऱ्यापाशी ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं होतं. चार कोटी लिटरच्या आसपास तेल समुद्रात सांडलं. हजारो-लाखो पक्षी तेलात माखून मेले. ३० मे १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लोक पाहतात तो काय, एक्सॉन कंपनीच्या इमारतीसमोर उघड्या ट्रकवर मिडनाइट ऑइल वाजवत उभे! मागे भलामोठा फलक. त्यावर लिहिलं होतं, की मिडनाइट ऑइल तुम्हाला नाचवतं, पण एक्सॉनचं ऑइल आम्हाला आजारी पाडतं. नावावरून केलेला हा विनोद सगळ्या शहराला कळला.

तो शब्द कुणासाठी?

आता त्या काळ्या कपड्यांकडे परत येऊ या.

साधारण १९१० पासून १९७० पर्यंत ऑस्ट्रेलियात एक भयंकर गोष्ट चालली होती. सरकारी माणसं आणि मिशनची माणसं आदिवासी मुलांना त्यांच्या आईबापांपासून काढून नेत. विशेषतः ज्यांचे आई किंवा वडील गोरे होते अशा मुलांना. त्यांना संस्थांमध्ये किंवा गोऱ्यांच्या घरी वाढवायचं. आपली भाषा बोलायची नाही, घरचं नाव काढायचं नाही. काही मुलांना तर सांगितलं गेलं, की तुमचे आईवडील मेले. १९९७ साली याबद्दलचा मोठा सरकारी अहवाल संसदेपुढे आला. त्या साठ वर्षांत दर दहांतल्या एका तरी आदिवासी मुलाला असं नेलं होतं. काही ठिकाणी तर दर तिघांतल्या एकाला! या मुलांना तिथे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात.

अहवालाने सांगितलं, देशाने माफी मागावी. पंतप्रधान हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये खेद व्यक्त केला, पण माफी मागायला मात्र ते तयार नव्हते. आधीच्या पिढ्यांनी केलेल्या गोष्टींची माफी आजच्यांनी का मागायची, असं त्यांचं म्हणणं.

मुलांनो, हा प्रश्न सोपा नाही बरं. आजोबांच्या चुकीची माफी नातवाने मागायची का? घरी जरूर चर्चा करा. पण एक लक्षात ठेवा, ज्यांना उचलून नेलं होतं त्यातले कितीतरी लोक तेव्हा जिवंत होते. त्यांच्यासाठी ही इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट नव्हती, ती त्यांच्या आईची गोष्ट होती.

म्हणून त्या रात्री स्टेडियममध्ये ‘बेड्स आर बर्निंग’ सुरू झालं, आणि जे पंतप्रधान म्हणत नव्हते ते पाच जणांच्या अंगावर सगळ्या जगाने वाचलं.

गायक मंत्री होतो तेव्हा

२००२ च्या अखेरीस गॅरेटने बँड सोडला आणि २००४ मध्ये तो मजूर पक्षाकडून खासदार झाला. २००७ मध्ये त्याचा पक्ष सत्तेवर आला आणि गॅरेट झाला पर्यावरणमंत्री! १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड संसदेत उभे राहिले आणि त्यांनी चोरलेल्या पिढ्यांची देशाच्या वतीने माफी मागितली. सज्जात बसलेली म्हातारी माणसं रडत होती. जो शब्द आठ वर्षांपूर्वी कपड्यांवर लिहावा लागला, तो आता संसदेत उच्चारला गेला. आणि तो लिहिणाऱ्यांपैकी एक जण त्याच सरकारात मंत्री होता.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण खरी माणसं गोष्टीतल्यासारखी नसतात. मंत्री झाल्यावर गॅरेटला कळलं, की गाणं एकट्याच्या मताचं असतं, सरकार मात्र साऱ्यांचं. २००९ मध्ये त्याने एका युरेनियम खाणीला परवानगी दिली. जुने चाहते चिडले: आयुष्यभर अणुशक्तीविरुद्ध गाणारा हाच का तो? घरांच्या छतात उष्णतारोधक थर बसवण्याची सरकारी योजनाही त्याच्याच खात्याकडे होती. ती घाईघाईने राबवली गेली आणि चार तरुण कामगारांचे जीव गेले. २०१० मध्ये ते काम त्याच्याकडून काढून घेण्यात आलं.

पण दुसरी बाजूही पाहा. क्वीन्सलंडमध्ये मेरी नदीवर मोठं धरण होणार होतं. त्या नदीत लंगफिश हा फुप्फुसाने श्वास घेणारा अतिप्राचीन जातीचा मासा राहतो. शिवाय तिथली कासवं आहेत, दुर्मीळ मासे आहेत. त्यांच्यासाठी गॅरेटने २००९ मध्ये ते धरण नाकारलं. पुढे तो शालेय शिक्षणमंत्रीही झाला आणि २०१३ मध्ये राजकारणातून बाहेर पडला.

मग गायक खरा की मंत्री खरा? मला वाटतं, दोघंही. बाहेर उभं राहून ‘हे चुकतंय’ असं ओरडायला धैर्य लागतं. आत जाऊन ते दुरुस्त करायला बसलं की हात मळतात. ज्याने दोन्ही केलं त्याला टीकाही दोन्हीकडून ऐकावी लागते.

शेवटची मैफल

२०१७ मध्ये हे जुने दोस्त पुन्हा एकत्र आले आणि जगभर फिरले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी ‘द मकरट्टा प्रोजेक्ट’ हा अल्बम काढला. मकरट्टा हा योल्ङू आदिवासींच्या भाषेतला शब्द. भांडणानंतर समोरासमोर बसून केलेला समेट, असा त्याचा अर्थ. या वेळी मात्र आदिवासींविषयी गाणं नव्हतं, त्यांच्याबरोबर गाणं होतं. प्रत्येक गाण्यात आदिवासी कलावंतांचा वाटा. ऑस्ट्रेलियात अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. पण त्यानंतर आठवड्याभरातच बास गिटार वाजवणारा बोन्स हिलमन कर्करोगाने गेला. १९८७ पासून तो बँडबरोबर होता. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी सिडनीत, जिथे सुरुवात झाली त्याच शहरात, निरोपाच्या दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम झाला. पन्नास वर्षं!

सगळे प्रश्न सुटले का? नाही. १४ ऑक्टोबर २०२३ ला ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं: आदिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी एक संस्था राज्यघटनेत असावी का? शंभरातल्या साठ जणांनी ‘नको’ म्हटलं. पण आणखी एक तारीख सांगते. २६ ऑक्टोबर २०१९ पासून उलुरूवर चढायला बंदी आली. अनंगू लोक पूर्वीपासून पर्यटकांना हात जोडून सांगत होते, ‘ही आमची पवित्र जागा, वर चढू नका.’ त्यांना त्यांचा खडक परत मिळाल्यावरही त्यांचं हे साधं म्हणणं मान्य व्हायला चौतीस वर्षं लागली.

दोस्तांनो, गाण्याने जमीन परत मिळत नाही. ती मिळवली पिंटुपींनी, अनंगूंनी. चालत, भांडत, वाट पाहत. पण गाण्याने एक होतं. ज्यांच्या कानावर ती गोष्ट कधी गेलीच नसती, त्यांच्या कानात ती जाऊन बसते. मिडनाइट ऑइलने आधी वाळवंटात जाऊन ती ऐकली, आणि मगच मोठ्याने सांगितली.

आता पुढच्या वेळी ‘सॉरी’ म्हणाल तेव्हा ते पाच काळे कपडे आठवा. आणि दादाचं पेन शोधून द्यायला विसरू नका!

(चौकट)
ऐका, टाकी वाजते!
ड्रमवाला रॉब हर्स्ट नुसत्या ड्रमवर समाधानी नव्हता. रंगमंचावर तो पन्हळी पत्र्याची पाण्याची टाकीही ठेवायचा आणि काठ्यांनी ती दणादण वाजवायचा! ऑस्ट्रेलियात खेडोपाडी पावसाचं पाणी साठवायला अशा टाक्या असतात. दुष्काळी देशातल्या बँडला यापेक्षा चांगलं वाद्य कोणतं? (घरच्या टाकीवर प्रयोग करण्यापूर्वी आईला विचारा.)